घरात एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर भावंडांच्या एमआरआयमध्ये काय दिसतं, काय दिसत नाही

मुठाकाठ (धागाकर्ता)

पुण्यातल्या स्वमदत गटांत शुभंकर मंडळी (म्हणजे रुग्णाला सांभाळणारे घरचे) हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: 'मोठ्याला स्किझोफ्रेनिया आहे, धाकटीच्या मेंदूचा एमआरआय आत्ताच करून घ्यावा का? आधी कळलं तर बरं.' 'रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांच्या मेंदूतही बदल आढळले' अशा बातम्या व्हॉट्सॅपवर फिरतात, त्यातून हा प्रश्न येतो. बातमी खोटी नसते. पण लोक तिचा जो अर्थ लावतात तो तिच्यात नसतो. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

सुरुवात १९७६ ची. लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नव्या असलेल्या सीटी स्कॅनवर जुन्या रुग्णांचे मेंदू पाहिले. लॅटरल व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूच्या आतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्या, त्यांच्यात मोठ्या निघाल्या. तोवर 'आईच्या वागण्यामुळे मूल असं झालं' हा सिद्धांत प्रतिष्ठित होता. त्याला तिथून उतरती कळा लागली.

पुढे एमआरआय आला. २००० सालापर्यंतच्या ५८ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली तेव्हा चित्र असं होतं: रुग्णांच्या मेंदूचं एकूण आकारमान निरोगी लोकांच्या ९८ टक्के, पोकळ्यांचं १२६ टक्के. आजची मोठी आकडेवारी एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाची आहे. २०१६ मध्ये त्यांनी २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी व्यक्तींची तुलना केली. मेंदूच्या आतल्या गाभ्यांपैकी रुग्णांत हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) सर्वांत जास्त लहान, मग अमिग्डाला आणि थॅलॅमस. पॅलिडम हा आणखी एक गाभा आणि पोकळ्या मोठ्या. २०१८ मध्ये कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, अभ्यास आला. तो जवळपास सगळीकडे पातळ होता, कपाळामागच्या आणि कानाजवळच्या भागांत जास्त.

हे झालं रुग्णांचं. पण ज्याला आजार नाही, जो गोळ्या घेत नाही, तरी ज्याचे निम्मे जनुक रुग्णाशी जुळतात, त्या भावाबहिणीच्या मेंदूचं काय? धागा त्यावर आहे.

---

डॉ_पेठकर

नातेवाइकांचा अभ्यास का करतात ते आधी सांगतो, कारण तेच सगळीकडे गाळलं जातं.

रुग्णाच्या मेंदूत फरक दिसला तर कारणं अनेक असू शकतात: जनुकं, जन्माच्या वेळचा त्रास, आजार स्वतः, गोळ्या, सिगरेट, वजन, वर्षानुवर्षं घरात बसून राहणं. सगळं एकाच स्कॅनमध्ये मिसळलेलं असतं. निरोगी भावंडात यातलं बहुतेक काही नसतं, जनुकांचा वाटा तेवढा असतो. म्हणून रुग्ण, त्याचं निरोगी भावंड आणि बाहेरचा निरोगी माणूस अशी तीन पायऱ्यांची मांडणी करतात. भावंड मधल्या पायरीवर सापडलं तर त्या फरकात जनुकांचा हात आहे असं समजायचं. भावंड बाहेरच्या माणसासारखंच निघालं तर तो फरक आजाराचा किंवा उपचाराचा.

याचं सर्वांत नेमकं रूप म्हणजे एकसारखी जुळी, ज्यातल्या एकालाच आजार आहे. १९९० मध्ये अमेरिकेत सदथ, टोरी, वाइनबर्गर वगैरेंनी अशा १५ जोड्या पाहिल्या. १२ जोड्यांत नुसत्या नजरेने, पोकळ्यांकडे बघून, आजारी जुळं ओळखता आलं. १५ पैकी १४ जोड्यांत आजारी जुळ्याचा डावा हिप्पोकॅम्पस दुसऱ्यापेक्षा लहान होता.

यात दोन गोष्टी आहेत. जनुकं सारखी असूनही फरक पडला, म्हणजे सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. आणि ओळख पटली ती जुळं शेजारी ठेवून. आजारी जुळ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पोकळ्या एकट्या पाहिल्या तर 'नॉर्मल' म्हणूनच रिपोर्ट झाल्या असत्या. आपल्याकडे येणाऱ्या पेशंटला तुलनेसाठी जुळं भावंड नसतं.

---

आकडेमोड

डॉक्टरांनी पायऱ्या सांगितल्या, मी त्यांची उंची सांगतो.

एनिग्माचाच नातेवाइकांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे १२२८ आणि बायपोलर असलेल्यांचे ८५२ सख्खे नातेवाईक. स्किझोफ्रेनियाच्या बाजूला थॅलॅमस लहान, कोहेनचा डी उणे ०.१२. डोक्याच्या आकाराचा हिशेब केल्यावर कॉर्टेक्स किंचित पातळ आणि तिसरी पोकळी मोठी, डी ०.१५. बायपोलरच्या नातेवाइकांत उलटंच: कवटीच्या आतलं आकारमान थोडं मोठं.

डी म्हणजे काय? दोन गटांच्या सरासरीतला फरक, माणसामाणसांतल्या नेहमीच्या तफावतीच्या मापात. पुरुषांच्या उंचीतली नेहमीची तफावत ६-७ सेंमी धरा. मग डी ०.१२ म्हणजे पाऊण सेंटिमीटर. लक्ष्मी रोडवरून दोन गट चाललेत, एका गटाची सरासरी उंची दुसऱ्यापेक्षा पाऊण सेंटिमीटरने कमी. आता समोरून येणाऱ्या एका माणसाकडे बघून तो कुठल्या गटातला ते सांगा. दोन गटांचे आलेख ९५ टक्के एकमेकांवर पडलेले असतात. यदृच्छेने एक नातेवाईक आणि एक बाहेरचा माणूस उचलला तर नातेवाइकाचा थॅलॅमस लहान निघण्याची शक्यता ५३ टक्के. नाणेफेकीत ५० असते.

खुद्द रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पसचा डी ०.४६ आहे. तिथेसुद्धा आलेख ८२ टक्के एकमेकांवर पडतात, आणि वरच्या खेळात उत्तर ६३ टक्के येतं.

हजारो लोक मोजले की पाऊण सेंटिमीटरही संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्का सापडतो. बातमीत 'पक्का' हा शब्द येतो, 'पाऊण सेंटिमीटर' गळतो.

---

सनईचौघडा

म्हणजे 'मेंदूत फरक आहे' आणि 'मेंदू बघून ओळखता येतं' ही दोन वेगळी वाक्यं. कळलं.

पण राव, मग संगणकाला सगळे भाग एकदम दिले तर? हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, कॉर्टेक्सची जाडी. एका उंचीवरून नाही ओळखता आलं तरी उंची, चपलेचा नंबर आणि आवाज मिळून ओळखता येतंच की.

---

आकडेमोड

प्रश्न रास्त आहे. मशीन लर्निंगवाले हेच करतात. छोट्या अभ्यासांत बरोबर उत्तरांचं प्रमाण डोळे दिपवणारं येतं; दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचे स्कॅन दिले की घसरतं. कारण संगणक बऱ्याचदा आजार न शिकता मशीन शिकतो. रुग्ण एका मशीनवर आणि निरोगी लोक दुसऱ्यावर काढले असतील तर तो मशीनच ओळखायला लागतो.

तरी समजा उद्या ८० टक्के संवेदनशील (आजार होणाऱ्या शंभरातले ८० पकडणारी) आणि ८० टक्के विशिष्ट (न होणाऱ्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडणारी) अशी चाचणी निघाली. (अशी चाचणी आज नाही, हा निव्वळ हिशेब आहे.) ती रुग्णांच्या १००० सख्ख्या भावंडांवर वापरू. भावंडाचा आयुष्यभराचा धोका ९ टक्के धरू.

आजार होणारे ९०, त्यातले ७२ चाचणी पकडेल. न होणारे ९१०, त्यातल्या १८२ जणांना चाचणी उगाच 'धोका' म्हणेल. 'धोका' शिक्का बसलेले एकूण २५४, खरे त्यात ७२. म्हणजे दर चार शिक्क्यांत जेमतेम एक खरा.

हीच चाचणी सर्वसाधारण लोकांवर, १ टक्का धोका धरून: २०६ शिक्के, खरे ८. स्थळं बघताना पत्रिकेसोबत एमआरआय मागायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर हे आकडे त्यांच्यासाठी.

---

थ्रीटेस्ला

मशीनच्या बाजूने लिहितो, कारण निम्मा घोळ तिथे होतो.

कर्वे रोड असो की औंध, कुठल्याही सेंटरवर 'एमआरआय ब्रेन प्लेन' लिहून दिलं की नेहमीचा प्रोटोकॉल चालतो: टी१, टी२, फ्लेअर, डिफ्यूजन, एखादा ससेप्टिबिलिटी सीक्वेन्स. काप साधारण ५ मिमी जाडीचे आणि मध्ये थोडी फट. गाठ, रक्तस्राव, जुना पक्षाघात, सिस्टिसर्कोसिस (मेंदूतल्या जंताच्या गाठी) शोधायला हे पुरतं. आकारमान मोजायला अजिबात पुरत नाही. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस ३ ते ४ मिली असतो, चहाचा चमचाही भरत नाही. रुग्णांतला सरासरी फरक ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.१५ मिली. ५ मिमीच्या कापांत तो कुठे शोधणार?

संशोधनात त्रिमितीय टी१ घेतात, १ मिमीचे घन, फट नाही. सीमेन्सच्या मशीनवर त्याला एमपीरेज म्हणतात, जीईवर ब्राव्हो. ५-६ मिनिटं जास्तीची. मग फ्रीसर्फरसारखं सॉफ्टवेअर ते चित्र घेऊन एका मेंदूमागे साधारण ६ ते १० तास चालतं आणि प्रत्येक अर्धगोलातल्या ३४ भागांची कॉर्टेक्सची जाडी, शिवाय आतल्या गाभ्यांची आकारमानं काढून देतं. कॉर्टेक्सची जाडी सरासरी अडीच मिमी. १ मिमीच्या घनांतून अडीच मिमीतला दशांश मोजायचा आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं पटेल.

काय बिघडतं:

हालचाल. सर्वांत मोठा खलनायक हाच. डोकं थोडं हललं की कडा धूसर होते आणि सॉफ्टवेअर कॉर्टेक्स पातळ मोजतं. गोळ्यांमुळे ज्याला अकॅथिझिया आहे, पाय एका जागी ठरत नाहीत, तो मशीनमध्ये जास्त हलणार. म्हणजे 'पातळ कॉर्टेक्स'मधला काही भाग नुसती चुळबूळ असू शकतो. भावंडांच्या अभ्यासात हा दोष कमी असतो. डॉ_पेठकरांच्या कारणांत हे एक जोडा.

मशीन बदलणं. अभ्यासाच्या मध्येच १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) जाऊन ३ टेस्ला आलं, नाहीतर सॉफ्टवेअर अपग्रेड झालं. आकारमानं लगेच सरकतात. दुरुस्तीच्या गणिती पद्धती आहेत, पण दोन्ही मशीनवर तिन्ही गटांचे लोक आलेले असतील तरच त्या नीट चालतात.

डोळ्यांनी तपासणी न करणं. टेम्पोरल लोबच्या टोकाशी सॉफ्टवेअर कधी कधी आवरणच कॉर्टेक्स म्हणून धरतं. प्रत्येक मेंदू उघडून कडा बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, म्हणून टाळलं जातं.

---

कोथरूड_डेपो

काही ठिकाणी रिपोर्टसोबत संगणकी तक्ता देतात: 'हिप्पोकॅम्पस ७ वं पर्सेंटाइल.' लाल रंगात. घरच्यांचा जीव जातो. त्याचं काय करायचं?

---

थ्रीटेस्ला

आधी विचारायचं, पर्सेंटाइल कुणाच्या तुलनेत? बहुतेक सॉफ्टवेअरची तुलनेची माणसं युरोप-अमेरिकेतली. भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० निरोगी तरुण भारतीयांवरून भारतीय नकाशा तयार केला तेव्हा हेच दिसलं. कवटीच्या आतल्या आकारमानाची दुरुस्ती नसेल तर ठेंगणा माणूस उगाच लाल रंगात जातो. शिवाय हे तक्ते मुख्यतः स्मृतिभ्रंशासाठी बनवलेले असतात. पंचविशीतल्या मुलाला लावायचे नाहीत.

आणि ७ वं पर्सेंटाइल म्हणजे १०० निरोगी माणसांत ६ जण त्याच्याही खाली आहेत.

---

डॉ_पेठकर

रिपोर्टातल्या शब्दांबद्दलही सांगतो. 'लॅटरल व्हेंट्रिकल्समध्ये सौम्य असमानता', 'कॅव्हम सेप्टम पेल्युसिडम', 'प्रॉमिनंट सल्काय' (मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा ठळक) हे शब्द वाचून लोक रात्री अडीचला गूगल करतात. डावी-उजवी पोकळी किंचित लहानमोठी असणं सर्रास आहे. कॅव्हम म्हणजे गर्भावस्थेतली छोटी पोकळी न मिटता राहिलेली. मोठी कॅव्हम स्किझोफ्रेनियात थोडी जास्त आढळते हे खरं, पण लहान कॅव्हम निरोगी लोकांतही भरपूर. रेडिओलॉजिस्ट दिसतं ते नोंदवतो, ते त्याचं कामच. नोंद म्हणजे निदान नाही.

निरोगी धाकटीचा स्कॅन काढण्यात तोटाही आहे. कसलीच तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तर साधारण ३७ माणसांमागे एकाच्या मेंदूत काहीतरी अनपेक्षित सापडतं: सिस्ट, छोटा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), रक्तवाहिनीचा फुगा. बहुतेक वेळा ते आयुष्यभर काही करत नाही. पण एकदा कळलं की दर सहा महिन्यांनी स्कॅन, न्यूरोसर्जनच्या चकरा, विम्याच्या फॉर्मवर एक जादा ओळ. स्किझोफ्रेनिया शोधायला गेलो आणि भलतंच गळ्यात पडलं.

---

कावेरी_बन

रुग्णाचा मात्र पहिल्यांदा भास-संशय सुरू झाल्यावर एमआरआय काढायला सांगतातच ना? मग तो कशासाठी?

---

डॉ_पेठकर

स्किझोफ्रेनिया सिद्ध करायला नाही. तसा दिसणारा दुसरा आजार वगळायला. पुढीलपैकी काही असेल तर स्कॅनवर हयगय नको:

फिट येणं, डोक्याला मार, एका बाजूचा अशक्तपणा, नवी डोकेदुखी, ताप. शुद्ध कमीजास्त होणं. पहिल्यांदा लक्षणं चाळिशीनंतर येणं. काही दिवसांत झपाट्याने बिघाड, विचित्र हालचाली, बोलणं बंद होऊन शरीर ताठणं. शेवटच्या प्रकारात, विशेषतः तरुण मुलींत, एनएमडीए अँटिबॉडीचा एन्सेफलायटिस (शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूवर उलटून येणारी सूज) डोक्यात ठेवायचा. त्यात एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल असतो, म्हणून ईईजी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते.

आपल्याकडे सिस्टिसर्कोसिस आणि ट्युबरक्युलोमा (मेंदूतली टीबीची गाठ) विसरून चालत नाही. रक्तात थायरॉइड, बी१२, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), एचआयव्ही. तरुण पेशंट, हात थरथरतात, लिव्हरही बिघडलंय, तर विल्सनसाठी (शरीरात तांबं साठण्याचा आजार) रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि स्लिट लॅम्पखाली डोळ्यातली कडी. कॉन्ट्रास्ट सरसकट लागत नाही.

एमआरआय नॉर्मल आला की घरचे म्हणतात, 'मेंदूत काही नाही, म्हणजे नाटक करतोय.' हे वाक्य आधीच अडवायला हवं. स्किझोफ्रेनियात नेहमीचा एमआरआय नॉर्मल येणं हीच अपेक्षित गोष्ट आहे.

---

पर्वतीचा_पायथा

सगळं वाचून मला एकच दिसतं. गोळ्यांनी मेंदू आकसतो हे कुणीच बोलत नाहीये. माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यावरही बोला.

---

मुठाकाठ

बोलू की. २००५ चा प्रयोग: मकाक माकडांना हॅलोपेरिडॉल किंवा ओलॅन्झापिन (दोन्ही स्किझोफ्रेनियाची औषधं) १७ ते २७ महिने दिलं, त्यांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं. माणसांत आयोवाचा अभ्यास, २०११, २११ रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले: औषधाची मात्रा जास्त तिथे ग्रे मॅटरची (मेंदूतल्या पेशींच्या करड्या भागाची) घट थोडी जास्त. हे दडवण्यासारखं नाही.

पण दुसरं पान असं की औषध न घेणाऱ्या नातेवाइकांतही लहान का होईना फरक आहेच, आणि तो आजाराच्या आधीपासून दिसतो. एडिनबराचा उच्च-जोखीम अभ्यास १९९४ पासून चालला. ज्यांच्या घरात किमान दोन जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया आहे अशी १६ ते २५ वयाची निरोगी मुलं-मुली. त्यांचा अमिग्डाला-हिप्पोकॅम्पसचा भाग बाहेरच्या निरोगी मुलांपेक्षा लहान आणि आजार पहिल्यांदाच उफाळलेल्या रुग्णांपेक्षा मोठा निघाला. डॉक्टरांची मधली पायरी, गोळ्यांशिवाय.

म्हणून 'सगळं गोळ्यांमुळे' चूक आणि 'गोळ्यांचा काही संबंध नाही' हेही चूक.

---

डॉ_पेठकर

आणि यावरून कुणी उद्या सकाळी स्ट्रिप कचऱ्यात टाकू नये म्हणून एक आकडा. ६५ चाचण्यांची बेरीज, २०१२: वर्षभराच्या आत आजार उलटला तो औषध चालू असलेल्या २७ टक्के लोकांत आणि बंद करून नकली गोळी दिलेल्या ६४ टक्के लोकांत. मात्रा कमी करायची बोलणी डॉक्टरांशी जरूर करा. कमीत कमी पुरेशी मात्रा ठेवणं हेच धोरण. ती हळूहळू उतरवायची असते. एकदम बंद करायची नाही.

---

आकडेमोड

नातेवाइकांवरचा कुठलाही पेपर वाचताना मी हे बघतो:

भावंडांचं वय. पस्तिशीचा निरोगी भाऊ म्हणजे धोक्याच्या वयातून बऱ्यापैकी सुटलेला माणूस. अठरा वर्षांच्या बहिणीचं तसं नाही. दोघांना एकाच 'निरोगी भावंड' डब्यात टाकलं तर आकडा पातळ होतो. पालकांच्या गटात तर लग्न-मुलं झालेले, म्हणजे तब्येतीने टिकलेलेच लोक येतात.

एकाच घरातली तीन भावंडं तीन स्वतंत्र माणसं म्हणून मोजली आहेत का? मिश्र मॉडेल (एका घरातल्यांचं साम्य हिशेबात धरणारी पद्धत) वापरलं नसेल तर आकडा उगाच चकचकीत दिसतो.

'निरोगी' कुणी ठरवलं? नीट मुलाखत घेतली की फोनवर 'काही त्रास नाही ना?' एवढंच? नातेवाइकांत नैराश्य, सौम्य संशयी स्वभाव, दारू यांचं प्रमाण थोडं जास्त असतं. तेच मोजलं जाऊन 'जनुकांचा फरक' म्हणून छापलं जाण्याची भीती असते.

यावर एक हुशार तोड आहे: पिढ्यांमधले वाहक. आजीला आजार, नातवाला आजार, मधली आई ठणठणीत. म्हणजे जनुकांची शिदोरी तिच्यातूनच पुढे गेली असणार. लंडनच्या मॉड्स्ली कुटुंब-अभ्यासात, १९९८, अशा मधल्या माणसांच्या पोकळ्या मोठ्या निघाल्या. गट लहान होता, पण प्रश्न विचारायची पद्धत मला आवडते.

---

कावेरी_बन

जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडण्याचा संबंध असतो असं ऐकलं. तो या पायऱ्यांत कुठे बसतो?

---

मुठाकाठ

बरोबर मधल्या आणि वरच्या पायरीच्या मध्ये. हिप्पोकॅम्पस हा ऑक्सिजनच्या बाबतीत मेंदूतला सर्वांत नाजूक भागांपैकी एक. २००२ मध्ये हेलसिंकीतल्या कुटुंबांवर अभ्यास झाला. हिप्पोकॅम्पस बाहेरच्या लोकांत मोठा, भावंडांत त्याहून लहान, रुग्णांत सर्वांत लहान. पण जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडल्याची नोंद असलेल्यांत जास्तीची घट दिसली ती फक्त रुग्णांत. तसाच त्रास झालेल्या निरोगी भावंडांत नाही. जनुकांनी जमीन भुसभुशीत केली आणि वरून पाऊस पडला, असा काहीसा प्रकार.

जनुकांबद्दलही दोन ओळी. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसाखळीवर २८७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. २०१६ मध्ये सी४ नावाच्या जनुकाचा धागा लागला. तो किशोरवयात मेंदूच्या पेशींमधले जास्तीचे सांधे छाटण्याच्या कामात भाग घेतो. छाटणी जास्त झाली तर कॉर्टेक्स पातळ आणि लक्षणं ऐन कॉलेजच्या वयात, असा तर्क मांडतात. तर्क चांगला आहे, साखळीतल्या सगळ्या कड्या अजून जुळलेल्या नाहीत.

---

सनईचौघडा

मग रक्त तपासून जनुकं बघावी का? पुण्यात हल्ली थुंकीवरून सगळं सांगणाऱ्यांच्या जाहिराती असतात.

---

डॉ_पेठकर

त्या जाहिरातींवर पैसे घालू नका. कामाची एकच गोष्ट: २२क्यू११ डिलिशन, म्हणजे २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असणं. शंभर रुग्णांत एकापेक्षा जास्त सापडत नाही, पण ज्याच्यात हे असतं त्याला सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) होण्याची शक्यता साधारण चारात एक. रुग्णाला जन्मजात हृदयदोष, दुभंगलेली टाळू किंवा नाकातून बोलणं, रक्तातलं कॅल्शियम कमी, शाळेत लक्षणीय मागे, यातल्या दोन गोष्टी असतील तर मायक्रोॲरे किंवा फिश ही जनुकीय तपासणी करावी. याचा उपयोग बाकी घरालाही होतो, कारण ज्याच्यात हा दोष आहे त्याच्या प्रत्येक मुलात तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

---

शुभंकर_मित्र

गटात येणाऱ्यांना मी धोक्याचे आकडे कागदावर लिहून देतो, तेच इथे. हे जुन्या युरोपीय अभ्यासांवरून काढलेले आहेत: सर्वसाधारण माणूस १ टक्का, पुतण्या-भाचा ४, सख्खं भावंड ९, एका पालकाला आजार असेल तर मूल १३, दोन्ही पालकांना असेल तर ४६, एकसारखं जुळं ४८. नव्या डॅनिश नोंदींत एकसारख्या जुळ्यांचा आकडा ३३ वर आलाय. हे जन्मापासूनचे आकडे आहेत. भाऊ तिशी ओलांडून ठीक असेल तर त्याचा उरलेला धोका याहून बराच कमी.

धाकटीसाठी एमआरआयच्या पैशात होण्यासारखं आणि जास्त उपयोगाचं:

गांजा. इथे मवाळपणा नको. रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली आहे. घरात आधीच कुणी असेल तर हा जुगार खेळायचा नाही, आणि हे मुलांना 'आजार' हा शब्द वापरून स्पष्ट सांगावं. आडवळणाने सांगितलेलं हॉस्टेलवर पोचत नाही.

नजर कशावर ठेवायची: काही आठवडे टिकणारी उलटी झोप, मित्र तुटणं, मार्क अचानक कोसळणं, कुणी हाक मारल्यासारखं वाटणं, साध्या गोष्टींत आपल्याविषयी इशारे दिसणं, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष. यातली एखादी गोष्ट म्हणजे वयात येणं. तीन-चार एकत्र आणि वाढत जाणारी असतील तर मानसोपचारतज्ज्ञ, त्याच महिन्यात. लक्षणं सुरू होण्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो तितका पुढचा निकाल वाईट. घरच्यांच्या हातात एवढंच एक आहे.

पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे कुटुंबीयांसाठीही काम चालतं. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

---

कोथरूड_डेपो

संशोधनासाठी कुणी घरच्यांचे स्कॅन मागितले तर द्यावेत का? बंगळुरूला निम्हान्समध्ये (राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत) अशी कुटुंबं घेतात असं ऐकलं.

---

आकडेमोड

घेतात. निम्हान्स आणि तिथल्या जीवशास्त्र संस्थांचा एकत्र कार्यक्रम आहे. घरात किमान दोन सख्ख्या नातेवाइकांना गंभीर मानसिक आजार असलेली कुटुंबं, त्यांची मुलाखत, रक्त, मेंदूचे स्कॅन. अशी भारतीय कुटुंबं लागतातच, नाहीतर आपण कायम परक्या तक्त्यात ७ वं पर्सेंटाइल राहणार.

सही करण्याआधी विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? स्कॅनमध्ये गाठ वगैरे दिसली तर कळवणार का, कोण आणि कसं? माझा आकडा मला सांगणार का? (बहुतेक नाही, आणि ते योग्यच.) नाव काढून टाकलेली चित्रं आणखी कुणाला देणार? मधूनच माघार घेतली तर आधीचं काय होईल? रुग्णाच्या उपचारावर नकाराचा परिणाम होणार नाही हे लेखी असायला हवं.

---

पर्वतीचा_पायथा

गोळ्यांवरचं उत्तर पटलं. शेवटचा प्रश्न. ज्यांनी आधीच एमआरआय काढलाय त्यांनी ती भली मोठी फिल्म जपून ठेवावी का? कपाटामागे पिवळी पडते.

---

थ्रीटेस्ला

फिल्म गेली तरी चालेल, सीडी ठेवा. तिच्यात मूळ डायकॉम फाइल्स असतात. फिल्मवरून आकारमान मोजता येत नाही. आजकालच्या लॅपटॉपला सीडी लागतच नाही, म्हणून सेंटरकडून पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि सगळं फोल्डर उतरवा, नुसते जेपीजी नाही. फोल्डरच्या नावात तारीख आणि मशीन किती टेस्लाचं ते लिहा. पाच वर्षांनी पुन्हा स्कॅनची वेळ आली तर तुलना कशाशी करायची ते रेडिओलॉजिस्टला लगेच कळतं. आणि शक्य असेल तर त्याच मशीनवर काढा.